मगदूम सरांचं चौदावं उत्तर

शैला बिरनाळे झोपलेल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटलेत, तेही पाच मिनिटांपुरते, असं त्या स्वतःला बजावताहेत. दुपारचे पावणेतीन वाजलेत. एप्रिल महिना आहे, सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची रसायनशाळा आहे, आणि पोटात मसालेभात, दोन वाट्या मठ्ठा आणि नको नको म्हणत घेतलेली चौथी जिलेबी आहे. अशा वेळी डोळे मिटून जागं राहण्याचा दावा करणारा माणूस एक तर योगी असतो, नाहीतर शिक्षक. शैलाबाई एकतीस वर्षं शिक्षक आहेत.

समोरच्या ओट्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. दोनशे बारा उत्तरपत्रिका, सगळ्या तपासून झालेल्या. परीक्षेचं नाव 'मगदूम सर स्मृती रसायनशास्त्र परीक्षा', वर्ष पहिलं. ती भरवणारं शिक्षक मंडळ म्हणजे आजूबाजूच्या चार-पाच तालुक्यांतल्या रसायनवाल्यांचा गोतावळा. ते एरवी वर्षातून दोनदा जमतं, अभ्यासक्रमाला नावं ठेवतं, जेवतं आणि घरी जातं. एक परीक्षा भरवावी, असं गेल्या उन्हाळ्यात नुसतं ठरलं होतं. पण यांतल्या बहुतेकांना शिकवलेले मगदूम सर गेल्या श्रावणात वारले आणि ती सरांच्या नावानं भरवलीच पाहिजे असं मंडळाला मनापासून वाटलं. पहिली दहा मुलं मे महिन्यात पुण्याला आठ दिवसांच्या शिबिराला जाणार आहेत, खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत काम करायला. चार वाजता खालच्या सभागृहात यादी वाचायची आहे. यादी वाचणार परीक्षाप्रमुख शैला बिरनाळे. पुढच्या रांगेत बसणार मगदूम काकू, सरांच्या पत्नी.

आणि यादी चुकीची आहे.

हे या क्षणी फक्त शैलाबाईंना माहीत आहे. सकाळी अकरा वाजता, रीत म्हणून, यादीत थोडक्यात हुकलेल्या अकराव्या मुलाची उत्तरपत्रिका त्यांनी चाळायला घेतली. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. क्रमांक एकशे सतरा. चौदाव्या प्रश्नाला तीनपैकी शून्य. प्रश्न साधा होता. एका पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर होतं; त्याचा प्रमाण मुक्त ऊर्जेतला बदल अधिक चार किलोज्यूल आहे; तापमान पंचवीस अंश; भांड्यात दुसरा पदार्थ पहिल्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा आहे. तर ही अभिक्रिया आपणहून पुढे जाईल का? उत्तरसूचीत लिहिलं होतं : किंमत धन आहे, सबब जाणार नाही. दोनशे अकरा मुलांनी तेच लिहिलं, किंवा काहीच लिहिलं नाही. एकशे सतरानं गणित मांडलं, उणे सात पॉइंट चार आणलं आणि लिहिलं, 'पुढे जाईल.' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, जणू आगाऊपणाबद्दल माफी मागितल्यासारखी : 'प्रश्नात परिस्थिती दिली आहे म्हणून तीच वापरली.'

शैलाबाईंनी पाकिटाच्या पाठीवर गणित केलं. उणे सात पॉइंट चार. परत केलं. तिसऱ्यांदा केलं, कारण माणूस आशा सोडत नाही. उणे सात पॉइंट चारच.

उत्तरसूचीतलं ते उत्तर मगदूम सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. प्रश्नही त्यांचाच. आयुष्यातला त्यांचा शेवटचा प्रश्न.

आता, शैलाबाई भित्र्या मुळीच नाहीत. कॉपी पुरवणाऱ्या एका पुढाऱ्याच्या भाच्याला त्यांनी परीक्षागृहातून दंडाला धरून बाहेर काढलेलं आहे. पण आज जेवताना त्यांनी पेपर तपासणाऱ्या कोळेकर सरांकडे नुसता विषय काढून पाहिला, "चौदाव्याच्या उत्तराबद्दल कुणाची काही शंका?" कोळेकर जिलेबीचा पाक बोटांवरून चाटत म्हणाले, "सरांनी लिहिलंय मॅडम. त्यात शंका काढणारे आपण कोण?" सगळे माना हलवून हसले. शैलाबाईपण हसल्या, आणि त्या हसण्याची त्यांना तेव्हापासून लाज वाटते आहे. मग त्या वर रसायनशाळेत आल्या, सरांच्या अक्षरातला तो कागद पुढ्यात ठेवला, तांबडं पेन हातात धरलं आणि डोळे मिटले.

पंखा आवाज करतोय. नंतर आवाजच तेवढा उरतो, पंखा नसतो.

फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येतो. शैलाबाई मान वर करतात. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात कुणीतरी लिहितंय : तापमान छत्तीस अंश, दाब सातशे दहा मिलिमीटर. असं लिहून तास सुरू करणारा माणूस या जिल्ह्यात एकच होऊन गेला. मुलं त्यांना चिडवायची, सर आज वेधशाळेतून आलात काय. सर म्हणायचे, आधी कुठं उभा आहेस ते लिही, मग बोल.

"सर?"

मगदूम सर वळतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कोल्हापुरी चपला. आजारातले नव्हेत, पन्नाशीतले.

"काय गं शैले. जेवलीस काय?"

"जेवले सर." शैलाबाईंना काहीतरी आठवतं. त्या चाचरत म्हणतात, "सर, तुम्ही तर गेलात."

"गेलो की. म्हणून तास बुडवू होय?"

शैलाबाई कोपर सरकवून तो कागद झाकतात. चोपन्न वर्षांची बाई चिठ्ठी लपवणाऱ्या पोरीसारखी बसते. सर पाहतात, पण पाहिल्याचं दाखवत नाहीत. वर्गातही त्यांची हीच तऱ्हा होती, आणि त्यामुळे चोरी करणाऱ्याला दुप्पट घाम फुटायचा.

"प्रमाण परिस्थिती म्हणजे काय, सांग."

"वायू असेल तर दाब एक बार. द्रावण असेल तर तीव्रता एक मोलर. सगळंच्या सगळं. तापमान ठरलेलं, बहुतेक पंचवीस अंश."

"असं भांडं कुठं बघितलंस?"

शैलाबाई खरंच आठवून पाहतात. "कुठंच नाही सर."

"मी पण नाही. जन्म गेला माझा भांडी घासण्यात. ती मोजपट्टी आहे गं. तिथं कुणी राहत नाही."

सर बोलताहेत आणि हवेला हळदीचा वास येतोय. ओट्याखालची फरशी गेली आहे. तिथं काळी माती आहे आणि मातीत माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड. शैलाबाईंनी हे कधी पाहिलेलं नाही, पण सरांनी वर्गात इतक्यांदा सांगितलंय, की त्या लगेच ओळखतात. हे हरिपूरचं पेव. सरांचे वडील अशा पेवांवर कामाला होते. जमिनीखालच्या या खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद करायचं, आणि महिन्यांनी उघडायचं. आतली हवा मेलेली असते. न बघता उतरणारा माणूस परत वर येत नाही.

सर उकिडवे बसलेत आणि दोरीला बांधलेला कंदील आत सोडताहेत.

"आमचे आण्णा शाळेत गेले नाहीत. पण दोर हातात घेतल्याशिवाय पाय आत टाकला नाही कधी. ज्योत टिकली तर उतरायचं. विझली तर वर बसून विडी ओढायची. वरची हवा चांगली आहे म्हणून आतली चांगली असेल, असं त्यांनी कधी धरलं नाही."

"सर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"खाली बघ आधी."

शैलाबाई वाकून बघतात. कंदील खोल गेलाय आणि त्याच्या उजेडात हळद नाही, माणसं आहेत. खच्चून भरलेला लग्नाचा हॉल आहे. शैलाबाई वरून बघत नाहीयेत. त्या हॉलमध्येच उभ्या आहेत, जिन्याच्या पायथ्याशी, हातात अक्षता. एवढी गर्दी आहे की कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत आहे ते सांगता येऊ नये. वाजंत्री थांबली आहे. जिन्याच्या वर एक खोली आहे, मोकळी, गार, खिडक्या उघड्या. सतरंजीवर एकच म्हातारा लोळतोय.

शेजारी उभे असलेले सर आपल्या अक्षता दुसऱ्या हातात घेतात आणि परीक्षकाच्या आवाजात विचारतात, "जिना चढाचा आहे काय?"

"आहे सर."

"माणूस आपणहून चढ चढतो काय?"

"एरवी नाही चढत."

"एरवी म्हणजे कधी? खाली एक आणि वर एक असताना. तो हिशेब पुस्तकात दिलेला असतो. चढ किती, तर अधिक चार. आता इथं किती माणसं आहेत?"

"खाली शंभर असतील, तर वर एक."

हॉलमधली माणसं हलायला लागतात. कुणी हाक मारलेली नाही. एक आजी गुडघ्यावर हात ठेवून पहिली पायरी चढते. तिच्यामागे कडेवर मूल घेतलेला बाप, मग जरीचा पदर सावरत तिघी जावा. कुरकुरत, श्वास टाकत, पण सगळी वर निघालीत.

"ढकललं काय कुणी?"

"नाही सर. वर जागा आहे, म्हणून निघाले."

"कुठंपर्यंत जातील?"

शैलाबाईंच्या तोंडून उत्तर आपोआप येतं, कारण हे गणितही त्यांनी सकाळी पाकिटावर केलेलं आहे. "खाली पाच तर वर एक झाले की थांबतील. तिथं समतोल होतो."

"शाबास," सर म्हणतात. शाबास म्हणताना त्यांचा उजवा डोळा बारीक व्हायचा, तसा तो आताही होतो. शैलाबाईंना भरून येतं. किती वर्षांत त्यांना कुणी शाबास म्हटलेलं नाही. त्या आता स्वतः दुसऱ्यांना म्हणत असतात.

जिन्याच्या मध्यावर खुर्ची टाकून कोळेकर सर बसलेत. ते आजीला जाऊ देतात, बापाला जाऊ देतात, जावांना नमस्कार करतात. मग एक मुलगी येते आणि कोळेकर पाय आडवा घालतात. मुलीला चेहरा नाही, कारण शैलाबाईंनी तिला पाहिलेलंच नाही. मुलगी आहे की मुलगा हेही त्यांना ठाऊक नाही, पण स्वप्नात ती मुलगी आहे. ओढणीला क्रमांक टाचलाय. एकशे सतरा.

"वर जागा आहे सर," मुलगी कोळेकरांना म्हणते. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"असेल. आमच्याकडे जाणार नाही असं लिहिलंय."

मुलगी भांडत नाही. ती पायरीवर बाजूला होऊन उभी राहते आणि मागच्यांना वाट देते. हे शैलाबाईंना सहन होत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"जाणार नाही असं कुणी लिहिलं?" सर विचारतात.

शैलाबाई सरांकडे बघत नाहीत.

"शैले, मी विचारतोय. कुणी लिहिलं?"

"सर, चला ना. आपण काकूंकडे जाऊ."

"चल."

शेवटच्या पायरीवर सरांच्या घराची पडवी आहे. गेल्या वर्षीचा मे महिना आहे. सर वेताच्या खुर्चीत बसलेत, एवढ्या उन्हाळ्यात गुडघ्यांवर शाल. हे मात्र आजारातले सर आहेत. गालफडं बसलेली, दाढीचे खुंट पांढरे. शैलाबाईंच्या हातात आंब्यांची पिशवी आहे. मंडळाला परीक्षा भरवायची होती, आणि सरांनी एक तरी प्रश्न द्यावा अशी सगळ्यांची इच्छा होती. तो आणायला शैलाबाई आल्या आहेत. हे घडलेलं आहे. हे त्यांना स्वप्नात नको आहे.

"तू कुणाची गं?" सर विचारतात.

"बिरनाळ्यांची शैला, सर. एकोणनव्वदची बॅच."

"हां हां. शैला." सर हसतात. काकू पन्हं आणून ठेवतात. सर पन्ह्याकडे बघतात, अंगणाकडे बघतात. "तू कुणाची गं?"

"बिरनाळ्यांची शैला, सर." त्या दिवशीही त्या तेवढ्याच हसऱ्या आवाजात म्हणाल्या होत्या. पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

सर लिहायला घेतात. तासभर लिहितात. अक्षर अजून शिस्तीचं आहे, प्रत्येक ओळ समासापासून बोटभर अंतरावर. प्रश्न लिहितात, खाली उत्तर लिहितात, आणि कागद पुढे करतात. शैलाबाई तो घेतात, घडी घालतात, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवतात. त्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "वाचलंस काय?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "वाचायचं काय त्यात सर. तुमचं आहे ते." सर मान हलवून पुन्हा अंगणाकडे बघत बसले होते.

इथंही सर विचारतात, "वाचलंस काय?"

पण इथं त्यांचे डोळे आजारातले नाहीत. शाल आहे, खुंट आहेत, आणि डोळे मात्र फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे आहेत.

"नाही सर." शैलाबाई म्हणतात. "मी वाचलं नाही. घरी जाऊनही वाचलं नाही. तसंच छपाईला दिलं."

"का गं?"

"भीती वाटली."

"कसली?"

"चूक सापडेल याची."

पडवीत माशी घोंघावते. काकू आत भांडी आवरताहेत.

"सापडली असती तर सांगायचं होतंस," सर म्हणतात. "ओरडलो असतो थोडा."

"ओरडला नसता सर तुम्ही. तुम्ही हसला असता. सॉरी म्हणाला असता मला. आणि मग परत कधी हातात पेन धरलं नसतं." शैलाबाई आता रडताहेत, पदर तोंडाशी धरून, शाळकरी पोरीसारख्या नव्हे, चोपन्न वर्षांच्या बाईसारख्या, जिचा शेवटचा मोठा माणूस गेलाय. "तुम्ही मला दोनदा नाव विचारलंत सर. दोनदा. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मला तिथून निघायचं होतं."

सर पन्ह्याचा पेला बाजूला सरकवतात.

"ते खरं," ते म्हणतात. "मला ते लागलं असतं. तू माया केलीस." शालीचं टोक ते बोटांनी नीट करतात. "पण ती पोर जिन्यात उभी आहे."

"मला माहीत आहे."

"मग काट."

कागद आता पडवीतल्या तिपाईवर आहे. सरांचं अक्षर, चार ओळींचं उत्तर, खाली सही.

"सर, कार्यक्रम तुमच्या नावाचा आहे. वर फोटो आहे तुमचा, हार घातलाय. काकू पुढच्या रांगेत बसतील. मी माइकवर सांगू, की पहिल्याच वर्षी, पहिल्याच परीक्षेत, सरांचंच उत्तर चुकलंय? शिवाय दहावा मुलगा यादीतून बाहेर जाईल. त्याला काय सांगू?"

"त्याला खरं सांग. रडेल. दोन दिवसांनी गणित मांडून बघेल." सर पुढे वाकतात. "आणि माझ्या नावाचं म्हणतेस, तर नाव कशाला कमावलं मी? चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, बघितल्याशिवाय बोलू नका. तेच पोरीनं ऐकलं आणि शून्य घेतलं. माझ्याच नावानं."

"मला जमणार नाही सर. तुमच्या अक्षरावर रेघ मारायला मला जमणार नाही."

"चढ आहे. दिसतंय मला."

एवढं बोलून सर एक फार जुनी गोष्ट करतात. वर्गात एखाद्याला फळ्यावर स्वतःची चूक खोडायची वेळ आली, की ते मुद्दाम खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि बाहेर काहीतरी बघत बसायचे, चूक खोडून होईपर्यंत. आता ते खुर्चीतून उठतात, शाल खाली पडते, आणि पडवीच्या कठड्याशी जाऊन, शैलाबाईंकडे पाठ करून, अंगणातल्या चिकूच्या झाडाकडे बघत राहतात.

शैलाबाईंच्या हातात पेन आहे. ते त्यांनी उचललेलं नाही, पण आहे. कागद फार लांब आहे. मग जवळ आहे. त्यांना सरांची मान दिसते, कॉलरच्या वरची, उन्हानं रापलेली. त्यांना म्हणायचंय, सर, इकडे बघा एकदा. पण बघितलं तर रेघ मारवणार नाही, हे त्यांना कळतं आणि सरांनाही कळतं. झाड स्थिर आहे. कुठूनतरी खाली वाजंत्री परत सुरू होते, आणि तिच्यात कुणीतरी त्यांचं नाव घेतंय.

"शैला. अगं शैला, उठ की."

खांद्यावर हात आहे. पंखा परत छताला लागलाय आणि गरम हवा खाली ढकलतोय. मगदूम काकू ओट्याशी उभ्या आहेत, फिकट जांभळं पातळ, हातात रुमाल.

"चाराला दहा कमी हायत. खाली सगळी तुला हुडकाल्यात. म्हटलं, जिना चढून बघून तरी यावं."

"काकू, तुम्ही कशाला..." शैलाबाई सावरून बसतात. गालावर उत्तरपत्रिकेची कड उमटली आहे. डोळे ओले आहेत. उजव्या हातात पेन आहे, टोपण काढलेलं.

आणि समोर कागद आहे. सरांच्या चारही ओळींवरून, पहिल्या अक्षरापासून सहीच्या अलीकडेपर्यंत, तांबडी रेघ मारलेली आहे. तिरकी, एका दमात ओढलेली.

शैलाबाई रेघेकडे बघत राहतात. त्यांनी ती मारलेली नाही. म्हणजे मारलेली आहे. पेन त्यांचं, हात त्यांचा. पण जागेपणी दुपारभर जो हात उचलला नाही त्याचं हे काम आहे, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

त्या कोपर पुढे सरकवतात. उशीर झालेला असतो. काकूंनी चष्मा लावलाय आणि त्या वाकल्यात.

"त्यांचं अक्षर हाय की हे."

"हो, काकू."

"चुकलं होतं व्हय?"

छपाईत गडबड झाली, असं उत्तर शैलाबाईंच्या जिभेवर तयार आहे. मंडळात कुणी विचारलं तर सांगायला त्यांनी ते जेवतानाच जुळवून ठेवलं होतं. ते त्या गिळतात.

"चुकलं होतं, काकू. मुलांपैकी एकाचंच बरोबर आलं आणि आम्ही त्याला शून्य दिलं. आणि सरांची चूक नाही ही, माझी आहे. कागद माझ्याकडे जवळजवळ वर्षभर होता. मी एकदाही तपासला नाही."

काकू स्टूल ओढून बसतात. अंगठा रेघेवर ठेवतात, ती खरंच आहे का बघावं तसा. अंगठ्याला तांबडी शाई लागते. रेघ अजून ओली आहे.

"त्या दिवशी तू गेलीस," काकू म्हणतात, "आणि ह्यांनी मला हाक मारली. कागद शैलाकडं दिलाय म्हणाले. माझ्या डोक्याचं आता काय खरं नाही, लिहिलेलं बरोबर हाय का चूक ते मला कळंना झालंय. पण शैला तपासल्याबिगर पुढं द्यायची नाही." काकू चष्मा काढतात. "एवढं बोलले आणि निवांत झोपले. लई दिवसांनी झोप लागली त्यांना."

शैलाबाईंना वाटत होतं, सरांना आपलं नाव आठवलं नव्हतं.

त्या एकशे सतरा क्रमांकाची उत्तरपत्रिका ओढतात, चौदाव्याचं शून्य खोडतात आणि तीन लिहितात. आकडा जरा वाकडा येतो. खाली सही करतात. काकू उठून उभ्या राहतात आणि त्यांना उठायला हात देतात, आणि अंगठ्यावरची ओली शाई शैलाबाईंच्या मनगटाला लागते. खाली माइकवर कोळेकर सर हॅलो हॅलो म्हणताहेत.